नवा पैसा कुणाच्या खात्यात जन्मतो?



मी प्रोग्राम लिहून पोट भरतो, अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण पैसा येतो कुठून, हे समजायला साधी हिशेबाची वही पुरते.

आपली समजूत अशी की लोक ठेवी ठेवतात आणि बँक त्याच उचलून दुसऱ्याला देते. भिशीत तसंच असतं. वीस जणांनी हजार-हजार टाकले, तर वीस हजारच उचलता येतात. बँकेचं तसं नाही. तिनं तुम्हाला पाच लाखांचं कर्ज दिलं की तुमच्या खात्यात पाच लाख लिहिले जातात आणि त्याच क्षणी तिच्या वहीत तुमच्याकडून तेवढंच येणं लिहिलं जातं. दुसऱ्या कुणाच्या खात्यातून एक रुपयाही कमी होत नाही. दोन नोंदी झाल्या, नवा पैसा तयार! बँक ऑफ इंग्लंडनं २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे स्वच्छ मांडलं. मुद्दल फेडली की तेवढा पैसा नाहीसाही होतो. बँकेला मोकळं रान नसतं, भांडवलाच्या अटी आणि व्याजदराचा लगाम असतोच.

पण कर्ज कुणाला द्यायचं हे जो ठरवतो, तो नवा पैसा कुठे जन्मेल हेही ठरवतो. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात नोंद आहे की, काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवलं होतं. मुक्त बाजाराचे समर्थक म्हणतात, नफ्याला धर्म नसतो, धंदा चांगला असेल तर कर्ज मिळेलच. मला हे अर्धंच पटतं. प्रत्येकाचा धंदा तपासण्यापेक्षा पत्त्यावरून माणूस जोखणं स्वस्त पडतं, आणि बाजार स्वस्त वाट धरतो.

बँकांवरच्या अशाच अविश्वासातून बिटकॉइन आलं. ३ जानेवारी २००९च्या पहिल्या ब्लॉकमध्ये ‘टाइम्स’ची बँकांना वाचवण्याबद्दलची बातमी कोरलेली आहे. नाणी जास्तीत जास्त २ कोटी १० लाख, कुणा अधिकाऱ्याची सही नको. सरकारी मक्तेदारीबाहेरचा पैसा हाएकनं १९७६ मध्येच मागितला होता. इंजिनियर म्हणून मला ही रचना आजही देखणी वाटते.

मात्र नाणी मर्यादित ठेवली म्हणून उधारी थांबत नाही. ‘सेल्सियस’ कंपनी व्याजाचं आमिष दाखवून लोकांची नाणी घ्यायची आणि पुढे कर्जाऊ द्यायची. जुलै २०२२ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, तिथे ठेवीदाराला असं काहीच नव्हतं.

आणि ज्या कर्जव्यवस्था निव्वळ कोडवर चालतात, त्या तुमचं नाव-गाव विचारत नाहीत हे खरं. पण शंभराचं कर्ज हवं तर दीडशेचं तारण आधी ठेवा म्हणतात. ‘डाय’ या नाण्याची सुरुवात याच प्रमाणावर झाली. अहो, हातगाडीवाल्याकडे दीडशे असते तर तो शंभर मागायला आला असता का?

म्हणून तरुणांना माझं सांगणं आहे, ‘महिन्याला पक्का परतावा’ म्हणणाऱ्या ग्रुपमधून बाहेर पडा आणि बँकेच्या दारात जा. कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी द्यावं, असं रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. तो कागद मागून घ्या. आपल्या मोहल्ल्यातले असे पन्नास कागद जमले, तर पुढच्या बैठकीला बँकेच्या अधिकाऱ्यांना बोलावता येईल.