संगणक घेताना

मैत्रिणींनो, केंद्रासाठी संगणक तयार घ्यायचा की सुटे भाग आणून जोडायचा, हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. तयार संगणकाला एकच बिल, एकच हमी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले तर प्रत्येकाची हमी निराळी. प्रत्येकाचे पक्के बिल घ्यावेच लागते. पण आपल्या संगणकात मारहाणीच्या, पोटगीच्या नोंदी असतात. पेटी दुरुस्तीला गेली की त्याही परक्या हाती जातात. स्वतः जोडणाऱ्या बाईला हार्ड डिस्क काढता येते : चार स्क्रू, दोन वायरी. ती कपाटात ठेवून उरलेली पेटी पाठवावी. तयार घ्यायचा असेल, तर डिस्क काढल्यास हमी राहील का, हे दुकानदाराकडून आधी लेखी घ्या. विश्वासाने सांगितलेले जपणे ही आपलीच जबाबदारी आहे.