पहारा आणि उंबरठा

(भातकुली येथे नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



कापूस वेचणीचे दिवस असूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आजचा विषय दिल्ली-मुंबईच्या चर्चासत्रांत शोभणारा आहे, भातकुलीला त्याचे काय, असे एका स्नेह्याने मला येताना विचारले. मी त्यांना म्हटले, खारपाणपट्ट्यातील माणसालाच हा विषय लवकर उमगेल. आपल्या विहिरीचे पाणी दिसायला नितळ असते. ते गोडे की खारे, हे घोट घेतल्यावरच कळते. शासनाच्या हाती दिलेल्या अधिकाराचेही तसेच आहे. कायद्याच्या पुस्तकात तो नितळ दिसतो. त्याची चव ज्याच्यावर तो चालतो, त्यालाच कळते.

ती चव मी लहानपणी घेतली आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी घोषित झाली आणि ४ जुलैला संघावर बंदी आली, तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. माझे वडील शिक्षक होते. एका पहाटे त्यांना ‘मिसा’खाली नेले. त्यानंतर आमच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर एक अनोळखी गृहस्थ दिवसभर बसून असत. घरी कोण आले, किती वेळ थांबले, जाताना हातात काय होते, याची त्यांच्यापाशी नोंद असे. आंतरदेशीय पत्रे येत, ती आधीच फोडून पुन्हा खळीने चिकटवलेली. बाबांच्या पत्रातल्या ओळी काळ्या शाईने खोडलेल्या असत. आई ते पत्र उन्हात धरून खोडलेल्या शाईखालचे अक्षर लागते का, ते पाहत असे. एकदा एक शब्द लागला. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या तापाविषयी होता. त्या शब्दाने राष्ट्राच्या सुरक्षेला कोणता धोका पोहोचणार होता, हे मला आजही उमगलेले नाही.

वऱ्हाडची जुनी ओळख

पाळत ही वऱ्हाडला नवी गोष्ट नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी आणि १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. टिळकांना मंडालेला धाडल्यानंतर त्यांच्यासाठी खटपट करायला दादासाहेब विलायतेला गेले आणि १९१० साली परतले. ते शिर्डीला साईबाबांच्या सान्निध्यात राहिले, तेव्हाही गुप्त पोलिसांची नजर त्यांच्यावर होती. साधूच्या वेषातील एक हेर त्यांच्या सहवासात वावरत होता, असेही सांगतात. इंग्रज सरकारच्या लेखी हीसुद्धा ‘राष्ट्रीय सुरक्षा’च होती. राज्यकर्ते बदलतात, हा शब्द मात्र तोच राहतो. म्हणून तो कोण उच्चारतो आणि कशासाठी उच्चारतो, हे पाहावे लागते.

आणीबाणीत तर न्यायालयाचे दारही बंद झाले. स्थानबद्धांना दाद मागता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ते उलथवले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला आणि त्याच निकालपत्रात १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरवला. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडेही होते. एका घराण्यातील चूक त्याच घराण्यातील मुलाने दुरुस्त केली. परंतु मधल्या एक्केचाळीस वर्षांचे काय?

नाण्याची दुसरी बाजू

आता दुसरी बाजू. ती टाळून मी पुढे गेलो, तर आपल्याशी अप्रामाणिक ठरेन.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेले अतिरेकी पाकिस्तानातील आपल्या सूत्रधारांशी भ्रमणध्वनीवर बोलत होते. आपल्या यंत्रणांनी ती संभाषणे पकडून ध्वनिमुद्रित केली. १६६ जणांचे प्राण घेणाऱ्या त्या कटाचा धागा सीमेपलीकडे जातो, हे जगापुढे आणि न्यायालयापुढे मांडताना ती ध्वनिमुद्रणे मोलाची ठरली. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी जिवंत पकडून दिलेला कसाब आणि त्या रात्रीची ती ध्वनिमुद्रणे हाताशी नसती, तर पाकिस्तानने सरळ कानावर हात ठेवले असते. दूरध्वनी ऐकणे हे सर्व काळी पापच आहे, असे म्हणणाऱ्याने ही रात्र आठवावी.

आणि फार लांब कशाला जायचे? २१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीत एका औषधविक्रेत्याची गळा चिरून हत्या झाली. भ्रमणध्वनीवरील एका गटात टाकलेला मजकूर, एवढाच त्यांचा ‘अपराध’. २ जुलैला तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. गटातील ओळखीच्या माणसाकडूनच तो मजकूर बाहेर गेला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. खरे-खोटे न्यायालय ठरवील. या एकाच घटनेत आजच्या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. असा कट वेळीच हेरणारी सजग यंत्रणा हवी, ही एक बाजू. चार माणसांत बोललेला शब्द चार माणसांतच राहिला पाहिजे, ही दुसरी. सुरक्षा आणि खासगीपणा एकमेकांचे वैरी आहेत, असे आपल्याला सांगितले जाते. पहाऱ्यातील त्रुटी आणि मोडलेला विश्वास, या दोन्हींनी एकाच माणसाचा घात होऊ शकतो, हे अमरावतीने पाहिले आहे.

कायदा काय म्हणतो

दूरध्वनी ऐकण्याचा अधिकार सरकारला दिला तो इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्याने. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला बांध घातले. आदेश गृह सचिवांच्या सहीचा हवा, कारणे लिखित हवीत, मुदत दोन महिन्यांची आणि वाढवली तरी सहा महिन्यांपलीकडे नाही, शिवाय वर एक पुनर्विलोकन समिती. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम आले, तरी चौकट बहुतांशी तीच आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मोक्का’तील संभाषण ऐकण्याची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध ठरवली. त्या कायद्यात तातडीच्या प्रसंगी आधी ऐकता येते, परंतु अठ्ठेचाळीस तासांत रीतसर मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो.

बांध आहेत, त्यांतून पाणी झिरपते, हा प्रश्न आहे. पुनर्विलोकन समितीत सगळे सचिवच. आदेशही सचिवाचा आणि तपासणीही सचिवांचीच. एकही न्यायाधीश नाही. ज्याचे बोलणे ऐकले गेले, त्याला ते पुढेही कधी कळवले जात नाही. मग त्याने दाद मागायची कशी?

आपल्याच जिल्ह्याशी संबंधित एक प्रकरण पाहा. २०१६-१७ च्या सुमारास काही लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी भलत्याच नावांनी, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचे म्हणून दाखवून ऐकले गेले, असा आरोप २०२१ मध्ये विधानसभेत झाला. पुढे आलेल्या नावांत अचलपूरचे बच्चू कडू यांचेही नाव होते. २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा नोंदला गेला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कोणी दोषी ठरले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बच्चूभाऊंचे राजकारण आपल्याला पटो वा न पटो, प्रश्न उरतोच: सही करणाऱ्यापुढे आलेला क्रमांक खरोखर कोणाचा आहे, हे तपासण्याची सोय आपल्या पद्धतीत आहे काय?

कौटिल्याची कसोटी

आपली परंपरा या बाबतीत भाबडी नव्हती. बहिर्जी नाईकांसारखे हेर शिवछत्रपतींच्या पदरी होते. कौटिल्याने तर संन्यासी, व्यापारी, गृहस्थ अशा नाना वेषांतील हेरांचे शास्त्रच रचले. हे हेर शत्रूवर नजर ठेवत, तसेच राजाच्या अमात्यांवरही. पण त्याच कौटिल्याने अट घातली की, परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची वार्ता जुळली तरच तिच्यावर विश्वास ठेवावा, आणि ज्याची माहिती वारंवार खोटी ठरते त्याला दंड करावा किंवा दूर करावे. म्हणजे नजर ठेवणाऱ्यावरही नजर. ही अट लोकशाहीने नव्हे, राजेशाहीतील एका मुत्सद्द्याने घातली होती. लोकशाहीने त्याहून कमी मागावे काय?

म्हणून माझे म्हणणे तीन कलमी आहे. एक, पाळतीचा प्रत्येक आदेश ठरावीक मुदतीत न्यायाधीशापुढे गेला पाहिजे. दोन, दरवर्षी असे किती आदेश निघाले, याचा आकडा, नावे न देता, विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे. तीन, खोट्या नावाने वा खोट्या कारणाने आदेश मिळवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. याने दहशतवाद्याला काडीचाही लाभ होत नाही. अडचण होते ती केवळ अधिकाराचा गैरवापर करणाऱ्याची. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही सुरक्षेच्या कारणास्तव सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. ती सूट किती आणि कोणाला, हे संसदेने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

काही कार्यकर्ते मला विचारतात, आता आपले सरकार आहे, मग चिंता कशाला? मित्रहो, कायदा एका सरकारसाठी होत नसतो. आज जो अधिकार आपण विश्वासाने देतो, तो उद्या आपल्याला न मानणाऱ्याच्या हाती जाणार आहे. १९७५ मध्ये ‘मिसा’ आयत्या वेळी बनवला नव्हता. तो १९७१ पासून पुस्तकात होता, संसदेने रीतसर संमत केलेला. फक्त वापरणाऱ्याची नियत बदलली.

थोडे आपल्याकडेही पाहू. आधारची झेरॉक्स आपण कोणाच्याही हाती देतो. गटातील दुसऱ्याचे खासगी बोलणे न विचारता पुढे पाठवतो. सरकारकडून संयम मागणाऱ्याने स्वतःही तो पाळला पाहिजे.

गावाच्या वेशीवर रात्री जागल्या असावा, याबद्दल दुमत नाही. त्याने वेशीवर जागावे, हाक द्यावी, चोराला धरावे. परंतु घराच्या उंबरठ्याशी आल्यावर त्याने थांबावे, आणि आत शिरायचेच असेल तर पंचांना सोबत घेऊन यावे. बाबा १९७७ मध्ये सुटून आले, तेव्हा टपरीवरचे ते गृहस्थ दिसेनासे झाले होते. पण त्यानंतर कितीतरी वर्षे आई पत्र फोडण्यापूर्वी त्याची कड बोटाने चाचपून पाहत असे. या देशातील कोणत्याही आईवर, तिचा नवरा वा मुलगा कोणत्याही विचाराचा असो, ती वेळ पुन्हा येऊ नये, एवढेच सांगून मी थांबतो.