पीटर्सबर्गची निळी पाटी

व्लादिवोस्तोक ते मॉस्को ९,२८९ किलोमीटर रेल्वेने, आणि शेवटचा मुक्काम सेंट पीटर्सबर्ग. पायांचे तुकडे पडलेले. हर्मिटेज पाहून बाहेर आलो, तर पोटात कावळे आणि डोक्यात चिडचिड.

नेव्हस्की रस्त्यावर १४ नंबरच्या इमारतीवर एक निळी पाटी दिसली. फोनवर ट्रान्सलेट केली. तोफांचा मारा सुरू असताना रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची, अशी नागरिकांना सूचना! युद्धातली, आठवण म्हणून जपलेली. १९४१ ते १९४४, ८७२ दिवस या शहराला वेढा होता. पहिल्या हिवाळ्यात तर लहान मुलांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळायचा. लाखो माणसं उपासमारीनं गेली.

मग कोपऱ्यावर पाव घेतला आणि, खरं सांगतो, एक कणही टाकला नाही. भेटूया पुढच्या भागात!