शिकलेलं धरलं गेलं पाहिजे



तंत्रशिक्षणाच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना माझ्या वाट्याचा वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी ग्राह्य धरलं जातं का?

हा प्रश्न इथे विचारायला हवा, कारण ही पिंपरी-चिंचवड नगरीच कारखान्यांनी वसवली. पन्नाशीच्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि बजाज आले. पुढे चाकणला बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रा उभे राहिले. या कारखान्यांत मोरवाडीच्या, औंधच्या आयटीआयमधून फिटर, टर्नर होऊन आलेली मुलं काम करतात. त्यांतल्या कित्येकांना इंजिनिअर व्हायचं असतं.

वाट नाही असं नाही. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पदविकाधारकाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळतो. या तरतुदीने महाराष्ट्रातल्या हजारो घरांना पहिला इंजिनिअर दिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दार उघडून आपण बाजूला होतो. पुढे त्या मुलाचं काय होतं?

भोसरीतल्या एखाद्या शॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर काम करणारा मुलगा डोळ्यांपुढे आणा. ड्रॉइंग हातात आलं की तो आधी टॉलरन्स बघतो. जॉब बांधतो, डायलने सरळ करतो, ऑफसेट भरतो, पहिला नग मायक्रोमीटरने मोजतो आणि दोन शतांश मिलिमीटरचा फरक दिसला की दुरुस्ती टाकतो. हाच मुलगा पदविकेला आला की त्याला लेथची ओळख आणि ड्रॉइंगमधली चिन्हं पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागतात. जे येतं त्यात त्याचा वेळ जातो.

जे येत नाही त्यासाठी मात्र कुणी वेळ देत नाही. पदविका करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आलेल्याने पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे एम-वन, एम-टू, केलेलं नसतं आणि समोर उभा असतो एम-थ्री. लाप्लास, फूरिए, सदिश कलन. वर्गातली बाकीची मुलं वर्षभराची तयारी करून आलेली. मग विषय राहतो, बॅकलॉग साठत जातो आणि ‘डिप्लोमाची पोरं गणितात कच्ची’ हा शेरा स्टाफरूममध्ये कायमचा होतो. हा शेरा अन्यायाचा आहे. ती मुलं कच्ची नाहीत. मधला जिना आपण बांधलेला नाही.

कागदावर आता पुष्कळ झालं आहे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम आणले. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. वर्षाला १२०० तासांचे ४० श्रेयांक धरणारा हा आराखडा व्यवसाय शिक्षण आणि कामाचा अनुभव यांनाही हिशेबात घेतो. पण ॲकॅडमिक बँकेतल्या खात्यात श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा होणं आणि महाविद्यालयाने ते वटवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्या विषयाबद्दल कुठला विषय माफ, हे जोवर आधी लेखी ठरत नाही, तोवर खातं असून नसल्यासारखं.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. तिथे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून विद्यापीठात जाण्याची वाट राज्याच्या १९६०च्या उच्च शिक्षण आराखड्यापासून आहे. तरीही क्रेडिट वाया जात, तेच विषय पुन्हा करावे लागत. म्हणून २०१० साली कायदा झाला: ठरलेली सहयोगी पदवी घेऊन आलेल्याला राज्य विद्यापीठाने तिसऱ्या वर्षात घ्यायचं आणि आणखी ६० युनिटांपेक्षा, म्हणजे क्रेडिटांपेक्षा, जास्त मागायची नाहीत. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच शेवटापर्यंतचा हिशेब कळतो. आपल्या मुलाला तो प्रवेश घेतल्यावरही कळत नाही.

शिकलेलं ग्राह्य धरावं ही मागणी आपल्याकडेही फार जुनी आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी असं मांडलं होतं, की खाजगी अभ्यास करणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेप्रमाणेच बी.ए., एम.ए.च्या परीक्षांनाही बसू द्यावं. माणूस कुठे बसून शिकला हे न पाहता काय शिकला ते पाहा, असाच त्याचा अर्थ. आपलं पुणे विद्यापीठ आज सावित्रीबाई फुल्यांचं नाव लावतं. त्या नावाने हे काम पुढे न्यायला नको का?

इथल्या जुन्या पिढीला पदवीच्या बरोबरीची धरली जाणारी एएमआयई परीक्षा आठवत असेल. पाळी संपवून रात्री अभ्यास करायचा आणि सेक्शन ए, बी पार करून इंजिनिअर व्हायचं. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना पदवीशी ती समकक्षता उरली नाही. नोकरी न सोडता शिकण्याची एक वाट तिथे बंद झाली. २०२३-२४पासून एआयसीटीईने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदविका-पदवीचे वर्ग चालवायला परवानगी दिली आहे, तिचा आपण पुरेपूर वापर केला पाहिजे. वेळापत्रक आखताना एवढं ध्यानात असू द्या: भोसरी-पिंपरीच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि आपण नोकरदारांचे तास रविवारी लावायला निघतो.

म्हणून या परिषदेने तीन गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं. आयटीआय, पदविका आणि पदवी यांचा विषयवार समकक्षतेचा तक्ता विद्यापीठ आणि तंत्रशिक्षण मंडळ यांनी मिळून प्रसिद्ध करावा. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी गणिताचा पूरक वर्ग सत्र सुरू होण्याआधी घ्यावा, तोही फी न लावता. आणि नोकरदारांचे तास गुरुवारी असावेत. पहिल्या मागणीला वरून आदेश लागेल. उरलेल्या दोन आपल्या हातात आहेत. या सभागृहातल्या प्राचार्यांनी त्या येत्या सत्रापासून सुरू कराव्यात, अशी माझी हात जोडून विनंती आहे.