चौकटीत काय ठेवायचं?

(कार्यकर्त्यांच्या छायाचित्रण शिबिरातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आपल्या पत्रकांतले फोटो आठवा. सुजलेला चेहरा, मागे पोलीस चौकी, बाजूला रडणारं मूल. जितकं जास्त दाखवू तितकं लोकांना पटेल, असं आपल्याला वाटतं. आज मी याच्या अगदी उलट वाटेनं गेलेल्या एका बाईविषयी बोलणार आहे.

नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ चा, कराचीतला. शिक्षण लंडन-पॅरिसला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या विद्यापीठात कला शिकवत. १९९० मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्या वारल्या. त्यांची शाई-पेन्सिलीची रेषाचित्रं प्रसिद्ध आहेत. पण त्या कृष्णधवल फोटोही काढत. ओली वाळू, मागावर ताणलेले धागे, रस्त्यावरचे पट्टे, फतेहपूर सिक्रीचा दगड. उजेड, सावली आणि एखादी रेष, बस्स. हे फोटो त्यांच्या हयातीत कधी प्रदर्शनात लागले नाहीत.

कमीत कमी ठेवायच्या या पद्धतीला ‘मिनिमलिझम’ म्हणतात. रंग गेला की नजर आकाराकडे वळते. रिकामी जागाही बोलू लागते. मागाच्या फोटोत विणणारं माणूस नाही, तरी मला त्यात कष्ट दिसतात.

नसरीननी हे चळवळीसाठी केलं, असा माझा दावा नाही. पण आपल्याला त्यातून शिकता येईल. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईचा फोटो एका दैनिकानं चेहरा पुसट करून छापला. साडी, दार, दारावरचं तोरण मात्र स्पष्ट होतं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीनं तिला ओळखलं. तिला पुन्हा मार बसला. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं १९८३ पासून गुन्हा आहे. मारहाणीच्या बातमीत ही काळजी बहुधा आपल्यालाच घ्यावी लागते. मग नुसती फुटलेली बांगडी आणि मोकळी जमीन पुरणार नाही का?

मात्र एक धोका आहे. ‘कमी’च्या नादात बाईच चौकटीबाहेर जायची! घरात, सातबाऱ्यावर ती आधीच दिसत नाही. म्हणून काय गाळायचं ते तिला विचारून ठरवा. ‘माझा चेहरा दाखवा,’ असं ती म्हणाली, तर धोके समजावून सांगा आणि तिचा निर्णय माना.

आता प्रत्येकीनं पाच फोटो काढून आणा. प्रत्येकात एकच वस्तू हवी. संध्याकाळी बोलू, काय गाळलंत आणि का.