निलगिरीची दांतेरी आगगाडी

डोंगर चढणारी आगगाडी म्हटली कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें प्रथम माथेरानची गाडी उभी राहते. १९०७ सालीं सुरू झालेली ती चिमुकली गाडी वळणें घेत घेत, जणूं डोंगराची मनधरणी करीत माथ्यावर जाते. दक्षिणेस निलगिरीच्या कुशींत दुसरी एक आगगाडी आहे. ती मनधरणी करीत बसली नाहीं; तिनें चढणीवर दांत रोवले. माथेरानच्या मार्गावरचीं जुनीं वाफेचीं इंजिनें जाऊन तेथें डीझेल आलें. निलगिरीच्या उभ्या चढणीवर मात्र अजूनहि वाफेचेंच राज्य आहे.

मेट्टुपाळयम हें गांव पायथ्याशीं, समुद्रसपाटीपासून ३२६ मीटर उंचीवर. आणि उटकमंड २२०३ मीटरांवर. मधला लोहमार्ग अवघा ४६ किलोमीटरांचा. असा मार्ग व्हावा ही सूचना १८५४ सालीं पुढें आली. तेव्हां बोरीबंदर-ठाणें गाडी धांवूं लागून जेमतेम एक वर्ष झालें होतें. पण डोंगर अवघड. कामास आरंभ होण्यास १८९१ साल उजाडलें. १८९९ सालीं गाडी कुन्नूरपर्यंत पोंचली आणि १९०८ सालीं उटकमंडपर्यंतचा मार्ग पुरा झाला. सूचनेपासून सिद्धीपर्यंत चौपन्न वर्षें लागलीं. वाटेंत १६ बोगदे आणि सुमारें २५० लहानमोठे पूल आहेत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या विलंबाचें नवल वाटत नाहीं.

मेट्टुपाळयमास सकाळीं गाडींत बसणाऱ्या प्रवाशास पहिलें आश्चर्य वाटतें तें इंजिनाच्या जागेचें. इंजिन पुढें नसून मागें असतें. तें गाडी ओढीत नाहीं, ढकलतें. चढणीवर डब्यांची जोडणी तुटलीच, तर डबे मागें घसरून दरींत न जातां इंजिनाच्याच आधारास यावेत, असा त्यांत हेतु आहे. भवानी नदी ओलांडून सुपारीच्या बागांमधून गाडी कल्लार स्टेशनास येते. येथवरची तिची चाल इतर गाड्यांसारखीच असते. खरी परीक्षा येथून पुढें.

कल्लारपासून कुन्नूरपर्यंतच्या सुमारें १९ किलोमीटरांत चढण कोठें कोठें दर बारा फुटांमागें एक फूट इतकी आहे. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक अशा चढणीस टिकत नाहीं. तें जागच्या जागीं फिरूं लागतें. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दोन दांतेरी पट्ट्या शेजारीं शेजारीं बसविल्या आहेत. एकीचा दांता जेथें, तेथें दुसरीची खांच. इंजिनाच्या पोटाखालचें दांतेरी चाक यांत अडकून फिरतें आणि कोणता तरी एक दांता सदैव पकडींत राहतो. ही युक्ति आब्ट नांवाच्या स्विस इंजिनियराची. या मार्गावरचीं जुनीं इंजिनेंहि स्वित्झर्लंडांतील विंटरथूर गांवच्या कारखान्यांत घडलेलीं. त्यांत वाफ दोनदां राबते: प्रथम रुळावरचीं चाकें फिरविते आणि तिचा जोर कांहींसा ओसरल्यावर दांतेरी चाकें फिरविते. काटकसरी गृहिणीनें एकाच इंधनावर दोन भांडीं शिजवावीं, तसाच हा प्रकार.

या चढणीवर वेग तासाला सुमारें १३ किलोमीटर. सायकलस्वारहि सपाटीवर याहून लवकर जाईल. पण या मंदपणामुळेंच प्रवाशास एक गोष्ट दिसते, जी वेगवान गाडींत कधींच दिसत नाहीं: आपल्याला वर नेण्यासाठीं किती हात राबत आहेत! डब्यांच्या टोकांना उघड्या सज्जांवर ब्रेक सांभाळणारीं माणसें उभीं असतात. इंजिन मागें असल्यामुळें ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाहीं. सर्वांत पुढच्या डब्यावर निशाण घेऊन उभा असलेला माणूस हेच त्याचे डोळे. त्यानें निशाण दाखवावें, मागून इंजिनानें शिटी द्यावी आणि त्या खुणेसरशीं ब्रेक सोडावे किंवा आवळावे. हिलग्रोव्हसारख्या स्टेशनावर इंजिन पाणी पितें, प्रवासी चहा पितात आणि माकडें दोघांकडेहि आशेनें पाहतात. एका बाजूस पाझरणारा कातळ, दुसऱ्या बाजूस ढगांनीं भरलेली दरी. आणि मधून दांत्यामागें दांता पकडीत गाडी वर सरकत असते.

कुन्नूरास दांतेरी पट्टी संपते. तेथून उटकमंडापर्यंत बहुधा डीझेल इंजिन गाडी नेतें. वर जाण्यास सारे मिळून पांचएक तास लागतात. मोटारीनें त्याच्या निम्म्याहून कमी वेळांत पोंचतां येतें. शिवाय पावसाळ्यांत दरड कोसळली म्हणजे गाडी कित्येक दिवस बंद पडते. मग असली खर्चिक, संथ गाडी ठेवावी कशासाठीं, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो. आणि तो अगदींच गैर आहे असें म्हणतां येत नाहीं.

२००५ सालीं युनेस्कोनें या मार्गास जागतिक वारशांत स्थान दिलें, हें त्याचें एक उत्तर. परंतु नुसत्या मानपत्रानें इंजिन चालत नाहीं. जुने भाग झिजतात; ते पुन्हां घडविणारा कारागीर लागतो. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानें या शतकांत याच घडणीचीं नवीं वाफेचीं इंजिनें बांधलीं, हें खरें उत्तर. काचेच्या कपाटांत ठेवलेलें यंत्र पाहून यंत्र कळतें, तें चालविण्याची विद्या मात्र कळत नाहीं. ती हातांतून हातांत जाते आणि गाडी थांबली कीं एका पिढींत लोपते. एकदां लोपलेली विद्या कितीहि पैसा ओतला तरी सहजासहजीं परत येत नाहीं.

म्हणून या गाडीचें तिकीट म्हणजे केवळ सहलीचा खर्च नव्हे. खिडकीबाहेरची दरी पाहून झाल्यावर प्रवाशानें क्षणभर सज्जावर ब्रेक धरून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या हातांकडेहि पाहावें. उटकमंडची उंची किती, हें भूगोलाचें पुस्तक सांगतें. ती कशी मिळवावी लागते, हें ते हात सांगतात.