मोटारीची मालकी



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय शोभतात. तेथे मोटार बाळगणाऱ्याच्या रोजच्या अडचणींवर बोलणे कोणास हलकेफुलके वाटेल. पण आज गाडी लावायला जागा मिळेना म्हणून आपल्यापैकी किती मंडळी उशिरा आत आली याची मोजदाद केली, तर विषय अगदीच अस्थानी नाही, हे पटेल.

एके काळी आपल्याकडे मोटार मिळवणे हाच मोठा प्रश्न होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट मोटारी बाहेर पडू लागल्या. पण पैसे भरून नाव नोंदवले तरी गाडी हाती यायला वर्षे लागत. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली आणि चित्र हळूहळू पालटले. आज बँक कर्ज देते, विक्रेता घरी फोन करतो, आणि पाडव्याला ठरवलेली गाडी दसऱ्याच्या आत दारात येते. आपण झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पूजा यथासांग होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. खरेदी एका दिवसात होते. मालकी मात्र पुढे दहा-पंधरा वर्षे करावी लागते. आपण खरेदीदार चटकन होतो, मालक होण्याचे राहून जाते, आणि मोटारीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम हिशेब पाहू. गृहस्थ कर्जाचा हप्ता आणि पेट्रोल एवढेच मोजतो. पण विमा कंपन्यांत रूढ असलेल्या कोष्टकाप्रमाणे मोटारीची किंमत पाच वर्षांत निम्म्यावर येते. आठ लाखांची गाडी घेतली, तर पाच वर्षांत चार लाख झिजले; म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांहून अधिक. हे पैसे कोणी मागायला येत नाही म्हणून ते दिसत नाहीत, इतकेच. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणे आणि लिटरला पंधरा किलोमीटर पडणे धरले, तर चाळीस लिटर पेट्रोल लागेल. आपल्या गावचा भाव घालून गुणाकार ज्याचा त्याने करावा. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळवावेत आणि मग आपली वापराची गरज तपासावी. मोटार घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. म्हातारी आई, लहान मूल, अपरात्रीचे दुखणे यांना तिचा आधार मोठा आहे. मात्र खर्चाच्या ओढाताणीत कात्री कशाला लागते? सिनेमाला लागत नाही; टायरला आणि विम्याला लागते. म्हणून हिशेब आधी हवा.

आता देखभाल. मोटारीला जमिनीचा स्पर्श होतो तो फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढा. वेग, वळण, ब्रेक, सारे त्या चार तळहातांवर अवलंबून. तरीही हवा तपासण्याचा कंटाळा! हवा किती हवी ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते, आणि ती गाडी थंड असताना तपासायची असते. कारण धावून टायर तापला की दाब वाढलेला दिसतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमाप्रमाणे निकामी झाला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. जुनी गाडी घेणाऱ्याने रंगाच्या चकाकीआधी हे आकडे वाचावेत.

घाट उतरताना पुष्कळ जण सारा वेळ ब्रेकवर पाय ठेवतात. ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता अगदी शास्त्रशुद्ध आहे. इंजिनच गाडीला आवरून धरते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, सामान्यतः दोन वर्षांनी, बदलावे. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. चाळिसाच्या वेगावरून ऐंशीवर जाताना हे गणित कितीजणांच्या मनात असते?

आपल्याकडचा पाऊस हा तर मोटारीचा परीक्षक. पाण्यात बुडून बंद पडलेली गाडी घाबरून पुन्हा पुन्हा सुरू करू पाहणे हे सर्वांत महागाचे काम. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी फिरवली, तर आतला दांडा वाकतो. मग विमा कंपनी म्हणू शकते की पाणी शिरले ते पुराने, पण दांडा वाकला तो तुमच्या हाताने. अशा वेळी चावी काढावी, गाडी ढकलून किंवा ओढून गॅरेजला न्यावी, आणि मेकॅनिकने तपासल्याखेरीज इंजिन सुरू करू नये.

विम्याकडे वळू. ‘थर्ड पार्टी’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. पण हा तिसरा कोण? पहिला पक्ष आपण, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा रस्त्यावरचा तो माणूस, ज्याला आपण ओळखतही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच्यासाठी विमा सक्तीचा आहे. आपली गाडी चेपली तर ती आपण दुरुस्त करू अथवा करणार नाही. पण आपल्या गाडीखाली सापडलेल्या हमालाच्या घरची चूल पेटती राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार. विमा नसेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून वसूल होते. आणि मालकाजवळ काही नसेल, तर त्या घराला भरपाई मिळणे कठीण होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा त्रयस्थ विमा घ्यावा लागतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. ‘तीन वर्षांचा काढलाय’ म्हणून निश्चिंत राहिलेल्यांना दुसऱ्या वर्षीच्या अपघातानंतर जाग येते. म्हणून आजच रात्री कागद काढून दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात.

कर्ज फिटले की आर.सी. बुकावरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला जसे जावे लागते, तसेच येथेही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि पस्तीस क्रमांकाचा नमुना आर.टी.ओ.कडे द्यावा लागतो. नाहीतर विकण्याच्या दिवशी धावपळ ठरलेली.

आणि विक्री, ही तर सर्वांत धोक्याची पायरी. आपल्याकडे रोख पैसे घेतले, चावी दिली, कोऱ्या नमुन्यांवर सह्या केल्या की ‘गाडी गेली’ असे मानतात. कायदा तसे मानत नाही. नोंदवहीत ज्याचे नाव, तो मालक. सर्वोच्च न्यायालयापुढे असा एक खटला आला होता. एका गृहस्थाने २००७ साली मोटार विकली. पुढे ती हातोहाती फिरत गेली; नाव मात्र बदलले नाही. २००९ साली त्या मोटारीखाली एक मुलगा ठार झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल लागला : नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याचीच. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची! कोणास हा निकाल कठोर वाटेल. पण त्या मुलाच्या आईबापांच्या जागी उभे राहून पाहावे. गाडी कोणी कोणास विकली याचा शोध त्यांनी घेत फिरायचे काय? त्यांच्यासाठी सरकारी नोंद हाच एक पत्ता आहे. म्हणून एकाच राज्यातली विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे; एकोणतीस आणि तीस क्रमांकाचे नमुने पुरे भरून द्यावेत, आणि नाव बदलल्याचे डोळ्यांनी पाहावे. घेणाऱ्याने विम्याचेही नाव बदलून घ्यावे. दाव्यावाचून गेलेल्या वर्षांची सवलत मात्र गाडीबरोबर जात नाही; ती मालकाची असते आणि त्याच्या पुढच्या गाडीला लागू होऊ शकते.

घरातल्या चावीविषयी थोडे. ‘आमचा बंड्या नववीत आहे, पण गाडी काय सफाईने चालवतो!’ हे कौतुक आपण ऐकतो. बंड्याची सफाई मान्य. पण १ सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर भागात मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप होता. त्यानंतर मुलाच्या हाती चावी कोणी दिली, हा प्रश्न घरोघर विचारला गेला. तो अपघातापूर्वी विचारला गेला असता तर अधिक बरे, नाही का?

शेवटी, गाडी उभी करण्याचा प्रश्न. रोज एक तास फिरणारी मोटार तेवीस तास उभी असते, म्हणून तिचा खरा शेजार धावण्यापेक्षा उभे राहण्याशी आहे. सोसायट्यांत यावरून जुने स्नेह तुटतात. इमारतीखालची खांबांमधली जागा किंवा मोकळी जागा बांधकाम करणाऱ्याला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली १९६३ च्या सदनिका कायद्याखालील इमारतींबाबत ठरवले. जागा थोड्या आणि गाड्या फार असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करणे हा सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतला मार्ग भांडणापेक्षा कितीतरी बरा.

आणि ज्यांना सोसायटीत जागा नाही ते पदपथावर चाके चढवतात. ‘पाच मिनिटांचे काम आहे’ असे आपण म्हणतो. त्या पाच मिनिटांत काठी टेकत येणाऱ्या आजोबांना पदपथ सोडून रहदारीत उतरावे लागते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. गाडी आपल्या पैशाची असेल. पण ती ज्यावर धावते आणि उभी राहते तो रस्ता आपण विकत घेतलेला नाही.

श्रोतेहो, दसऱ्याला आपण यंत्राची पूजा करतो. ती अवश्य करावी. मात्र त्या दिवशी हळदकुंकू वाहण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात : टायरांतली हवा, विम्याच्या दोन्ही तारखा, नोंदवहीतले नाव, आणि चावी कोणाच्या हाती आहे ते. या चार गोष्टी ठीक असतील तर नारळ सुखाने फोडावा.

 आणि बाहेर कोणाची गाडी दुसऱ्याच्या गाडीला अडवून उभी असेल, तर त्या मंडळींनी कृपया प्रथम बाहेर पडावे.